स्मृतिभ्रंश आणि सरकारची जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात स्मृतिभ्रंश झालेलं माणूस असलेल्यांनी आणि ‘यात सरकार काय करणार?’ असं म्हणणाऱ्यांनीही वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलेच पाहिजेत असं नाही. घाईत असाल तर ‘सरकारकडे मागायचं नेमकं काय?’ हा प्रश्न आधी वाचा.

वय झालं की विसरायला होतंच. त्यात सरकारला कशाला ओढायचं?

शेजाऱ्याचं नाव ऐन वेळी न आठवणं हे वयाचं लक्षण झालं. तोच शेजारी चोर वाटायला लागणं, आयुष्यभर चोख ठेवलेले हिशेब एकाएकी न जुळणं, रोजच्या रस्त्यावर आपलं घर न सापडणं, ही आजाराची लक्षणं आहेत. डिमेन्शिया म्हणजेच स्मृतिभ्रंश हे अशा लक्षणांच्या गटाला दिलेलं नाव. त्यामागे मेंदूचे वेगवेगळे आजार असतात. ६० ते ७० टक्के वेळा कारण अल्झायमर असतं, बाकीच्यांमध्ये मेंदूच्या रक्तपुरवठ्यातले बिघाड, ल्युई बॉडी (मेंदूच्या पेशींत साचणारे प्रथिनांचे गोळे) प्रकार, मेंदूच्या पुढच्या भागाची झीज वगैरे येतात. ऐंशी-नव्वदी ओलांडूनही खणखणीत स्मरणशक्ती असलेली माणसं भरपूर आहेत, म्हणजे हा म्हातारपणाचा अटळ भाग नव्हे. आणि एकदा आजार म्हटला की मधुमेहाला, क्षयाला जो न्याय, तोच यालाही लागू व्हायला हवा: निदान, उपचार, प्रतिबंध, नोंदी, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद.

प्रश्न खरंच इतका मोठा आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता आणि दरवर्षी त्यात जवळजवळ एक कोटी नव्या रुग्णांची भर पडते. मृत्यूच्या कारणांमध्ये तो सातव्या क्रमांकावर आहे. श्रीमंत देशांचा आजार ही समजूत तर केव्हाच मोडीत निघाली. ६० टक्क्यांहून जास्त रुग्ण कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, जिथे निदान करणारे डॉक्टरही मोजकेच. २०५० पर्यंत एकूण संख्या १३ ते १५ कोटींच्या घरात जाईल असे अंदाज आहेत.

आपल्या माणसांना आपणच सांभाळायचं असतं. ही घरची गोष्ट नाही का?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणारे बहुतेक वेळा स्वतः सांभाळणारे नसतात.

सांभाळणं म्हणजे काय ते आधी पाहू. संध्याकाळ झाली की आई अस्वस्थ होते. स्वतःच्याच घरात बसून ‘आता मला घरी जायचंय’ म्हणते. पिशवी भरते, दाराशी जाते. तिला समजावलं तर ती चिडते, म्हणून तिच्याबरोबर खाली उतरायचं, एक फेरी मारायची आणि ‘आलं बघ घर’ म्हणत परत वर यायचं. रात्री दोनला पुन्हा तेच. मुलीने दाराच्या कडीवर पडद्याच्याच रंगाचं कापड टाकलंय, कारण कडी दिसली नाही तर दार आहे हे आईच्या लक्षात येत नाही. ही युक्ती तिला कुणी शिकवलेली नाही. सकाळी तिला कामावर जायचं आहे. काही महिन्यांनी ती नोकरी सोडते आणि नातेवाईक म्हणतात, ‘किती करते गं आईचं!’

घरोघरी असंच चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार घरचा काळजीवाहक देखभालीत आणि लक्ष ठेवण्यात दिवसाचे सरासरी पाच तास घालवतो. यातले ७० टक्के तास बायकांच्या वाट्याला येतात. स्मृतिभ्रंशामुळे २०१९ साली जगाला अंदाजे १.३ लाख कोटी डॉलरचा भुर्दंड पडला आणि त्यातला निम्मा वाटा या बिनपगारी तासांचा होता. सरकारी कागदांत हा आकडा कुठेच दिसत नाही. औषधाची बाटली खर्चात धरली जाते, ती वेळेवर पाजणाऱ्या बाईने सोडलेली नोकरी धरली जात नाही. आमचं मुख्य भांडण इथेच आहे. ‘घरची गोष्ट’ म्हटलं की खर्च नाहीसा होत नाही, तो घरातल्या एका माणसावर पडतो. बहुतेक वेळा ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्यावर.

घरच्यांवर सगळं सोडलं की कुठवर जातं त्याचं जपानमधलं उदाहरण सांगण्यासारखं आहे. २००७ साली ओबू शहरात स्मृतिभ्रंश असलेले ९१ वर्षांचे एक गृहस्थ घरातून बाहेर पडले, रुळांवर गेले आणि गाडीखाली सापडून वारले. त्यांची पत्नी तेव्हा ८५ वर्षांची होती. तिचा जरासा डोळा लागला होता, तेवढ्यात हे घडलं. गाड्या खोळंबल्या म्हणून रेल्वे कंपनीने कुटुंबावरच नुकसानभरपाईचा दावा ठोकला आणि २०१३ साली खालच्या न्यायालयाने पत्नी आणि मुलाने सुमारे ७२ लाख येन भरावेत असा निकालही दिला. पुढच्या न्यायालयाने रक्कम निम्म्यावर आणून ती एकट्या पत्नीवर टाकली. अखेर मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाची जबाबदारी नाही असं ठरवून दावा फेटाळला. त्यानंतर तिथल्या काही नगरपालिकांनी अशा रुग्णांसाठी नुकसानभरपाईचा विमा स्वतःच्या पैशांनी काढायला सुरुवात केली. ८५ वर्षांच्या बाईला डुलकी लागली हा गुन्हा आहे का, यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. घरच्यांनीच सांभाळायचं म्हणणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा.

मग सरकारकडे मागायचं नेमकं काय?

मागण्यांची यादी शंभर कलमी करता येते, आणि शंभर कलमी याद्यांची बोळवण करणंही सोपं असतं. आमच्या मते पहिल्या फेरीत तीनच गोष्टी लावून धराव्यात.

पहिली, निदान घराजवळ व्हावं. त्यासाठी प्रत्येक तालुक्याला मेंदूविकारतज्ज्ञ नेमायची गरज नाही. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना प्रशिक्षण द्यावं, साध्या रक्तचाचण्या तिथेच व्हाव्यात आणि संशयित रुग्णाला पुढे पाठवण्याची ठरलेली वाट असावी.

दुसरी, निदानानंतर प्रत्येक कुटुंबाला एक ठरलेला माणूस मिळावा, ज्याचा फोन नंबर घरात भिंतीवर लावता येईल. आज होतं काय, डॉक्टर निदान सांगतात, दोन गोळ्या लिहून देतात आणि ‘आता असंच चालायचं’ म्हणतात. पुढची आठ-दहा वर्षं काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही. आंघोळीला नकार दिला तर काय करायचं? गिळताना ठसका लागायला लागला तर? अपंगत्वाचा दाखला कुठे मिळतो? याची उत्तरं देणारा समाजसेवक किंवा परिचारिका नेमणं इस्पितळ बांधण्याच्या मानाने फारच स्वस्त पडतं. दक्षिण कोरियाने २०१७ साली स्मृतिभ्रंश ही राष्ट्राची जबाबदारी असल्याचं जाहीर केलं आणि देशभरातल्या सार्वजनिक आरोग्य केंद्रांना जोडून २५६ स्मृतिभ्रंश केंद्रं उभी केली. तपासणी, सल्ला, नोंदणी आणि घरच्यांना आधार, हे सगळं एका छताखाली.

तिसरी मागणी विसाव्याची. दिवसभराचं पाळणाघर म्हणा, आठवड्यातून काही तास घरी येणारा प्रशिक्षित माणूस म्हणा, वर्षातून थोडे दिवस रुग्णाला ठेवून घेणारी जागा म्हणा. सांभाळणाऱ्याला झोप, स्वतःचा दवाखाना आणि चार कामं उरकायला वेळ मिळायलाच हवा. ही मागणी सरकारी बैठकीत सगळ्यात आधी गळते असा अनुभव आहे, म्हणून तीच सगळ्यात जोरात लावून धरा.

इलाजच नाही तर निदान करून उपयोग काय?

बराच आहे. विसरायला लागलेल्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश नसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, पडल्यावर मेंदूच्या आवरणाखाली साकळलेलं रक्त, एकमेकांशी न जुळणारी औषधं, यांनीही तशीच लक्षणं दिसतात, आणि यातल्या पुष्कळ गोष्टींवर उपचार आहेत. निदानच झालं नाही तर तेही राहून जातात. जगभरात सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांचं निदानच झालेलं नसावं, असा आंतरराष्ट्रीय अल्झायमर संघटनेचा अंदाज आहे.

शिवाय वेळेवर कळलं तर माणसाला स्वतःच्या आयुष्याबद्दल स्वतः बोलता येतं. पैसे कुणी पाहायचे, गाडी चालवणं कधी थांबवायचं, शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत, हे तो सांगू शकतो. दोन वर्षांनी तोच प्रश्न मुलांमध्ये भांडण होऊन बसतो.

नवी औषधं आली आहेत म्हणे. मग चिंता कशाला?

लेकानेमॅब २०२३ मध्ये आणि डोनानेमॅब २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ही औषधं अल्झायमरमध्ये मेंदूत साचलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन काढतात. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत १८ महिन्यांत स्मरणशक्ती आणि रोजच्या व्यवहारांतली घसरण २७ टक्के कमी झाली. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण ही घसरण मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहूनही कमी भरतो. ही औषधं फक्त अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात देतात, बहुतेक वेळा सलाइनमधून द्यावी लागतात, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका असल्यामुळे वरचेवर एमआरआय करावा लागतो. हे पाऊल मोठंच आहे, नाही कोण म्हणतंय! पण ज्या आरोग्यव्यवस्थेत साधं निदानच वेळेवर होत नाही, तिथे सुरुवातीच्या टप्प्यातला रुग्ण या औषधापर्यंत पोहोचणार कसा? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत अल्झायमरच्या निदानाला मदत करणारी रक्तचाचणीही मंजूर झाली. पुढेमागे अशा चाचण्या स्वस्त झाल्या तर निदानाचं चित्र खरोखर बदलेल. नुसता अहवाल हातात देऊन घरी पाठवायचं असेल तर मात्र लोकांची झोप उडवण्यापलीकडे त्यातून काही साधणार नाही.

टाळता येतो का?

काही प्रमाणात, हो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार बदलता येण्याजोगे १४ धोके हाताळले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, लठ्ठपणा हे अपेक्षित आहेतच. पण सगळ्यात मोठा वाटा आहे कमी ऐकू येण्याचा आणि वाढलेल्या वाईट कोलेस्टेरॉलचा, प्रत्येकी ७ टक्के. त्याखालोखाल बालपणी शाळा कमी मिळणं आणि उतारवयातला एकटेपणा. यादीत हवेचं प्रदूषण आहे आणि उपचार न झालेली अधू नजरही.

ही यादी पुन्हा एकदा नीट वाचा. मुलीला शाळेत ठेवणं, हवा स्वच्छ ठेवणं, परवडणारं श्रवणयंत्र मिळणं, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेत होणं, यातलं एकट्या माणसाच्या हातात किती आहे? ‘शब्दकोडी सोडवा, बदाम खा’ छापाचे सल्ले द्यायला सोपे असतात, म्हणून सगळे देतात. श्रवणयंत्रं स्वस्त करा हा सल्ला त्यामानाने कुणी देत नाही.

सरकारकडे पैसा कुठून येणार?

पैसा आजही खर्च होतोच आहे, फक्त चुकीच्या दारातून. घरी आधार नसलेला रुग्ण पडतो, खुब्याचं हाड मोडतं, इस्पितळात दाखल होतो, तिथल्या अनोळखी गडबडीत जास्तच भ्रमिष्ट होतो, आणि जरुरीपेक्षा कितीतरी जास्त दिवस खाट अडवून राहतो, कारण त्याला घरी नेऊन करणार कोण? त्यात कमावत्या वयाच्या मुली-सुना नोकऱ्या सोडतात, त्यांचा कर बुडतो, पुढे त्यांच्या म्हातारपणी त्यांची पुंजी शून्य. पैसा उभा करण्याच्या वाटाही लोकांनी शोधलेल्या आहेत. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन काळजीसाठी सक्तीचा सामाजिक विमा सुरू केला. जर्मनीत सुरुवातीला शारीरिक परावलंबनावरच भर होता. चालता-फिरता येतं पण क्षणभर एकटं ठेवता येत नाही, अशा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर त्यात अन्याय व्हायचा. २०१७ च्या सुधारणेने निकष बदलले आणि आकलनातला बिघाडही मोजायला सुरुवात झाली. आपल्याकडे कोणतीही योजना आली तरी फॉर्मवर ‘रुग्ण स्वतः चालू शकतो का?’ एवढंच विचारलेलं नाही ना, हे आधी तपासा.

धोरणं तर झालीच आहेत ना?

काही देशांत झाली आहेत. फ्रान्सने २००१ मध्येच राष्ट्रीय आराखडा आणला. अमेरिकेत २०११ मध्ये त्यासाठी कायदा झाला. जपानने २०२३ मध्ये स्मृतिभ्रंशाचा मूलभूत कायदा केला. २०१३ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या जी-८ परिषदेत २०२५ पर्यंत आजारावर उपचार शोधण्याचा निर्धार झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ ते २०२५ चा कृती आराखडा मंजूर केला आणि मुदत संपेपर्यंत ७५ टक्के सदस्य देशांकडे धोरण असावं असं ठरवलं. २०२१ मध्ये मोजलं तेव्हा जेमतेम चौथा हिस्सा देश तिथवर पोहोचले होते. आता आराखड्याची मुदत २०३१ पर्यंत वाढवली आहे.

म्हणून ‘धोरण हवं’ एवढंच मागू नका. धोरण छापून येतं, प्रकाशन समारंभ होतो, फोटो निघतात. धोरणाला जोडून रक्कम किती, अंमलबजावणी कोणत्या अधिकाऱ्याच्या नावावर आणि दरवर्षी जाहीर करायचे आकडे कोणते, हे तीन रकाने रिकामे असतील तर ते कागदी घोडं.

चिडचिड करणाऱ्या रुग्णाला गुंगीचं औषध देतात, ते बरोबर आहे का?

कधीकधी नाइलाज असतो, विशेषतः रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर. पण मनोविकारांवरची ही औषधं स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. ब्रिटन सरकारसाठी २००९ मध्ये झालेल्या पाहणीत दरसाल सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना ती दिली जातात आणि त्यातून अंदाजे १,८०० जादा मृत्यू होतात असं निघालं. सरकारने मोजदाद सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत वापर बराच खाली आला. मोजायला लागलं की फरक पडतो तो असा. घरी औषध चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

वृद्धाश्रम वाढवले की प्रश्न सुटेल का?

नाही. बरेच वृद्धाश्रम स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घेतच नाहीत. जे घेतात त्यांच्यासाठी किमान मनुष्यबळ, प्रशिक्षण आणि अचानक तपासणीचे नियम हवेत. दाराला बाहेरून कुलूप लावणं म्हणजे देखभाल नव्हे.

बँकेत सही जुळत नाही म्हणून पैसे अडकतात. हा सरकारी प्रश्न कसा?

सही बदलत जाते, मग थरथरते, मग नुसती रेघ उरते. खातं रुग्णाच्या नावावर, औषधांचा खर्च तुमच्या अंगावर. साधं मुखत्यारपत्र असेल तर अनेक देशांच्या कायद्यांत माणसाची निर्णयक्षमता गेली की तेही बाद होतं, म्हणजे नेमकं गरज पडते तेव्हाच. निर्णयक्षमता गेल्यावरही टिकणारं अधिकारपत्र, पालकत्व मिळवण्याची सुटसुटीत पद्धत आणि त्याचा गैरफायदा घेऊन मालमत्ता लाटणाऱ्या नातलगांवर वचक, या तिन्ही गोष्टी कायद्यानेच होऊ शकतात. तिसरी विसरून चालणार नाही. सगळ्याच घरांत सगळे भले असतात असं नाही.

हरवलेल्या माणसांचं काय?

जपानमध्ये २०२३ या एका वर्षात स्मृतिभ्रंशामुळे हरवल्याच्या १९ हजारांहून जास्त तक्रारी पोलिसांकडे नोंदल्या गेल्या. तिथे हा आकडा कळतो, कारण तिथे तो वेगळा मोजतात. मागणी साधी आहे: बेपत्ता व्यक्तीच्या तक्रारीत स्मृतिभ्रंशाचा वेगळा रकाना असावा आणि अशा तक्रारीवर लगेच शोध सुरू व्हावा. ‘येतील रात्रीपर्यंत’ हे उत्तर मोठ्या मुलाबद्दल कदाचित चालेल, यांच्याबद्दल नाही.

आजार असलेल्या माणसांना या सगळ्यात विचारायचं का?

अर्थात. सुरुवातीच्या टप्प्यातली बरीच माणसं स्वतःबद्दल नीट बोलू शकतात. ती समोर बसलेली असताना डॉक्टर मुलाशीच बोलतात, ही त्यांची नेहमीची तक्रार. समित्यांवर त्यांना घ्या, फक्त बैठका लहान आणि सकाळच्या ठेवा.

लोकप्रतिनिधीला पत्र लिहायचं तर कसं लिहू?

एका पानात. आकडे दोनच द्या, बाकी जागा तुमच्या एका दिवसाला द्या: किती वाजता उठलात, किती वेळा उठावं लागलं, किती वाजता बाहेर पडता आलं, की पडताच आलं नाही. रुग्णाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळा. ती माहिती त्यांची आहे. शेवटी एकच मागणी लिहा आणि ती ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येईल अशी असू द्या. ‘स्मृतिभ्रंशाकडे लक्ष द्यावे’ याला कुणीही हो म्हणेल. ‘येत्या अंदाजपत्रकात दिवसा देखभाल करणाऱ्या केंद्रासाठी तरतूद मागणार आहात का?’ याला हो म्हणायला विचार करावा लागतो. निवडणुकीआधीचे सहा महिने आणि अंदाजपत्रकाची तयारी चालू असतानाचे आठवडे, या दोन वेळा साधा. अंदाजपत्रक मांडून झाल्यावर पाठवलेलं पत्र म्हणजे वरातीमागून घोडं.

उत्तरच आलं नाही तर?

पोच मागून घ्या, महिनाभराने त्याच पत्राची प्रत जोडून दुसरं पाठवा, आणि तोवर त्याच भागातली अशीच आणखी दोन-चार घरं शोधा. दवाखान्याच्या रांगेत, औषधाच्या दुकानात ती सापडतात. तिसऱ्या वेळी सगळे मिळून सही करा आणि भेटीची वेळ मागा. भेटीला जाताना रुग्णाजवळ कोण थांबणार, हे आधी ठरवा. कुणीच मिळालं नाही, तर तेच पत्राच्या पहिल्या ओळीत लिहा.